लोकल चॅनेल आणि नाक्यावरचा फळा: नौपाड्यातून एक अभिप्राय

आमच्या महिला मंडळाच्या प्रसिद्धीचे काम गेली चार वर्षे माझ्याकडे आहे. प्रसिद्धी हा शब्द भारदस्त असला तरी काम साधे आहे: भोंडला, हळदीकुंकू, डोळ्यांची तपासणी किंवा एखादे व्याख्यान ठरले की त्याची सूचना नौपाड्यातल्या शे-दीडशे घरांपर्यंत वेळेत पोहोचवायची. यासाठी मी दोन सेवा नियमित वापरते. एक म्हणजे आमच्या भागात केबलवर दिसणारे लोकल चॅनेल आणि दुसरी म्हणजे नाक्यावरच्या छोट्या वाचनालयाबाहेरचा वार्ताफलक, ज्याला सगळे फळाच म्हणतात. चॅनेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ठाण्याच्या इतर भागांतल्या वाचकांनाही आपापल्या सेट-टॉप बॉक्सवरचे असेच एखादे चॅनेल आठवेल. अभिप्राय मुख्यतः त्या चॅनेलचा आहे. मात्र फळ्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्याचे गुणदोष मला नीट सांगता येत नाहीत.

आधी चांगले सांगते. पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी ही या चॅनेलची सर्वांत उपयोगी सेवा आहे. ठाण्याला पाणी महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून येते, त्यामुळे ‘उद्या शटडाऊन’ एवढेच कळून काही उपयोग नसतो. शटडाऊन कोणाचा आणि त्यात आपले पाणी जाते की घोडबंदरचे, हे कळावे लागते. पट्टीवर भागांची नावे बहुतेक वेळा अचूक असतात आणि आदल्या संध्याकाळीच येतात, म्हणजे पिंप भरून ठेवायला रात्र हाताशी असते. गणपती विसर्जनाच्या दिवशी मासुंदा तलावावरून आणि पाडव्याला कौपिनेश्वरच्या स्वागतयात्रेतून होणारे थेट प्रक्षेपण हा दुसरा गुण. माझ्या सासूबाई नव्वदीच्या आहेत, जिना उतरत नाहीत. कॅमेरा हलतो, निवेदक एकच वाक्य चार वेळा म्हणतो, पण राम मारुती रस्त्याचे वळण दिसले की त्या खुर्चीत सावरून बसतात आणि कोणाच्या गॅलरीत कोण उभे आहे ते सांगू लागतात. कोणत्याही मोठ्या वाहिनीला त्यांना हा आनंद देता येणार नाही. श्रद्धांजलीच्या चौकटीही मी याच गुणांत धरते. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचे जाणे आम्हाला आधी तिथेच कळते.

आता आत शिरण्याचा अनुभव सांगते, कारण नुसते पाहणाऱ्याला चॅनेलची ही बाजू दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी चॅनेलने शनिवारी सकाळी ११.३० वाजता नागरिकांसाठी अर्धा तास सुरू केला. कोणत्याही संस्थेने यावे, आपले काम सांगावे, पैसे नाहीत, असे पट्टीवर फिरत होते. आम्ही तिघी ओल्या-सुक्या कचऱ्याबद्दल बोलायला गेलो. स्टुडिओ म्हणजे एका गाळ्याचा पोटमाळा. मागे निळा पडदा, पुढे प्लास्टिकच्या तीन खुर्च्या, आणि वर पंखा, जो चित्रीकरण सुरू होताच बंद केला जातो कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. मे महिना होता. कॅमेऱ्यामागच्या मुलाने पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला “मॅडम” म्हटले आणि नंतर “काकू, पदर हलवू नका, माइक त्याच्यावर लावलाय” अशी सारखी सूचना करत राहिला. पदराला माइक लावला की तो हलणारच, हे त्यालाही ठाऊक होते, पण साडीवर दुसरीकडे लावायला जागा नाही हेही त्याला तितकेच पटले होते. घामाघूम होऊन आम्ही बावीस मिनिटे बोललो. कचऱ्याच्या डब्याचा रंग सांगताना आमच्यातल्या एकीने हिरवा आणि निळा यांची अदलाबदल केली, ती त्याने थांबवून पुन्हा बोलून घेतली. एवढी काळजी मी अपेक्षिली नव्हती.

परिणाम झाला का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होय असे आहे, आणि तो मी मोजला नसला तरी पाहिला आहे. पुढच्या मंगळवारी भाजी घेताना दोन अनोळखी बायकांनी थांबवून ओल्या कचऱ्यात नारळाची शेंडी चालते का असे विचारले. आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या ताईंनी सांगितले की त्या राहतात त्या चाळीत सगळ्यांनी आम्हाला पाहिले, आणि मग त्यांनी स्वतःच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो हे विचारले, जे त्यांनी आधीच्या सहा वर्षांत कधी विचारले नव्हते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात मी रोज दहा संदेश टाकते. त्या गटात त्या नाहीत, वॉचमन नाही, इस्त्रीवाला नाही, वरच्या मजल्यावरचे भाडेकरूही नाहीत. बंद दारामागच्या माध्यमाची ही मर्यादा त्या मंगळवारी मला पहिल्यांदा नीट कळली.

तो अर्धा तास तीन महिने चालला. मग त्या वेळी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. कार्यालयात चौकशी केल्यावर “मॅडम, तो स्लॉट विकला गेला” असे सरळ उत्तर मिळाले, ज्याच्या सरळपणाबद्दल तक्रार करता येत नाही. त्यानंतर आम्हाला पॅकेज समजावून सांगण्यात आले: पट्टी दिवसाला २०० रुपये, कार्यक्रमाचे वृत्त २,५०० रुपये, निवेदकासह हवे असेल तर वेगळे. दरपत्रक भिंतीवर नाही, छापलेले नाही. समोरचा माणूस पाहून सांगितले जाते, असा माझा समज आहे, कारण शेजारच्या भजनी मंडळाला त्याच आठवड्यात पट्टीचे दीडशे रुपये सांगितले होते.

आम्ही वर्गणी काढून भोंडल्याचे वृत्त घेतले. हत्तीचे चित्र पाटावर काढून मध्ये ठेवले होते, पंचवीस-तीस जणी फेर धरून ‘ऐलमा पैलमा’ म्हणत होत्या, सासूबाईंच्या वयाच्या तिघी खुर्चीवर बसून पुढची ओळ आठवून देत होत्या. प्रक्षेपित झालेले वृत्त सहा मिनिटांचे होते. त्यातली चार मिनिटे पाहुण्यांचा सत्कार, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांचे दोन शब्द. भोंडला चाळीस सेकंद, तोही निवेदकाच्या आवाजाखाली दाबलेला. खिरापत ओळखण्याचा भाग, ज्यासाठी लहान मुली आल्या होत्या, अजिबात नाही. पाहुणे पुढच्या निवडणुकीचे इच्छुक होते. त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात त्याच आठवड्यात त्याच चॅनेलवर दर तासाला फिरत होती, हे नमूद करते आणि पुढे जाते. पुढच्या खेपेला आमच्या गल्लीतल्या उखडलेल्या पदपथाविषयी दोन मिनिटे मागितली तेव्हा “निगेटिव्ह नको, काकू” असे सांगण्यात आले. त्या पदपथावर पडून आमच्या एका सभासदाचे मनगट मोडले होते, त्यामुळे यात निगेटिव्ह काय आणि पॉझिटिव्ह काय, हे मला अजून कळलेले नाही.

हा दोष एका कार्यालयाच्या स्वभावाचा म्हणून सोडून देता आला असता, परंतु त्यामागे रचनेतला एक बदल आहे, जो केबल वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असे मला वाटते. जुन्या केबलच्या काळात गल्लीतल्या केबलवाल्याच्या खोलीत डिशच्या उपकरणांशेजारी एक व्हीसीआर, नंतर सीडी प्लेअर, आणि त्यांचे चित्र केबलवर सोडणारा एक मॉड्युलेटर असे. तो रात्री सिनेमा लावी आणि सकाळी, कोणी कॅसेट आणून दिली तर, मंडळाच्या सत्यनारायणाची पूजाही लावी. ते चॅनेल खऱ्या अर्थाने गल्लीचे होते, कारण त्याची तारच गल्लीपुरती होती. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ आणि ठाणे-नवी मुंबईत ३१ मार्च २०१३ अशी मुदत देऊन केबलचे डिजिटायझेशन झाले, तेव्हा सर्व वाहिन्या मोठ्या वितरकाच्या केंद्रातून कुलूपबंद संकेतांच्या रूपात येऊ लागल्या. गल्लीतल्या केबलवाल्याला मध्येच आपली सीडी घुसवण्याची जागा उरली नाही. चित्र स्वच्छ झाले, पावती मिळू लागली, आणि लोकल चॅनेल चालवायचे तर ते वितरकाच्या केंद्रातून, अनेक उपनगरांसाठी एकत्र चालवावे लागू लागले. ज्या चॅनेलला कळव्यापासून घोडबंदरपर्यंत आणि त्यापलीकडेही दिसायचे आहे, त्याला आमच्या गल्लीचा भोंडला चाळीस सेकंदांहून जास्त कसा परवडावा? चॅनेल मोठे झाले तेव्हाच ते लोकल राहिले नाही. नाव तेवढे राहिले.

सरकारदरबारी या चॅनेलना ‘प्लॅटफॉर्म सेवा’ म्हणतात. माहिती व प्रसारण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: प्रत्येक चॅनेलची एक हजार रुपये भरून नोंदणी, वितरकाच्या एकूण वाहिन्यांच्या क्षमतेच्या पाच टक्क्यांपर्यंतच अशी चॅनेल, आणि दाखवलेल्या कार्यक्रमांचे ध्वनिचित्रमुद्रण नव्वद दिवस जपून ठेवणे. शेवटची अट कामाची आहे, कारण आपल्याबद्दल काही चुकीचे दाखवले गेले तर पुरावा असतो. मात्र त्या परिसरातल्या नागरिकांना ठरावीक वेळ द्यावा, असे त्यांत कुठेही नाही. केबल कायदा १९९५ चा; त्यात दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकांना बंधनकारक केले आहे. दिल्लीसाठी जागा राखून ठेवली गेली, गल्लीसाठी मात्र नाही.

जागा राखता येते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात केबल कंपन्यांना शहराने रस्त्यांखालून तारा न्यायची परवानगी देताना मोबदल्यात सार्वजनिक वाहिन्या मागितल्या, आणि १ जुलै १९७१ पासून त्या सुरू झाल्या: जो आधी नाव नोंदवील त्याला आधी वेळ, आणि आशयात कंपनीने हात घालायचा नाही. पुढे अशा वाहिन्या सक्तीच्या करणाऱ्या केंद्रीय नियमांवरून खटला झाला, १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले, आणि १९८४ च्या केबल कायद्याने हा अधिकार शहरांकडे दिला. शहराने करारात मागितले तर वाहिनी मिळते, नाही मागितले तर नाही. त्या वाहिन्यांवर कंटाळवाणे, विक्षिप्त आणि क्वचित आक्षेपार्हही पुष्कळ दाखवले गेले. पण व्यवहार स्वच्छ होता: रस्ता लोकांचा, तार तुमची, म्हणून थोडा वेळ लोकांचा. आमच्याकडे तारा रस्त्याखालून नव्हे, तर गुलमोहरावरून दिव्याच्या खांबावर आणि तिथून आमच्या गच्चीच्या कठड्यावर येतात, आणि पावसाळ्यात एखादी तुटून दारात लोंबते, तेव्हा हा हिशेब आठवतो. फेब्रुवारी १९९५ च्या निकालात आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले; मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे होते. त्या निकालाचा लाभ रेडिओला उशिरा का होईना मिळाला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओचा परवाना खुला झाला, आणि साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा मुंबई विद्यापीठाचा रेडिओ मस्ट त्यातूनच उभे राहिले. शंभर वॉटपर्यंतचा प्रक्षेपक, म्हणजे नौपाड्यातून लावला तर मुलुंड, कळवा, ऐरोली सहज टप्प्यात. अट एकच जाचक: स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. उखडलेला पदपथ ही बातमी की माहिती, यावर वाद घालायची माझी तयारी आहे.

आता फळा. वाचनालय खासगी मंडळाचे आहे, दोन बाकांचे. सकाळी सातला वर्तमानपत्रे लावली जातात आणि रिक्षाच्या रांगेतले चालक, दूधवाले, निवृत्त मंडळी उभ्याउभ्या वाचून जातात. बाहेरच्या भिंतीवर चार फूट बाय तीन फुटांचा काळा फळा, वर पत्र्याची पन्हाळ. तो लिहिणारे नाना हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. ते ओल्या फडक्याने फळा पुसतात, तो वाळेपर्यंत चहा पितात, मग पिवळ्या खडूने चौकट आखतात आणि पांढऱ्या खडूने मजकूर लिहितात. निधनवार्तेला चौकट नसते, हा त्यांचा नियम. सूचना द्यायची तर आत रजिस्टर आहे. त्यात मजकूर, स्वतःचे नाव, फोन आणि सही करायची, मगच मजकूर फळ्यावर जातो. हरवले-सापडले, पाणी, सभा, रक्ताची गरज, निधन, व्याख्यान एवढेच चालते. जाहिरात आणि वाढदिवस चालत नाहीत. दोन दिवसांनी मजकूर पुसला जातो, मग तो कोणाचाही असो. पैसे नाहीत.

याच रजिस्टरमुळे फळ्यावरच्या मजकुरावर लोक विश्वास ठेवतात, असे माझे निरीक्षण आहे. पदपथाची सूचना मी तिथे लिहून दिली. नानांनी “पदपथ नादुरुस्त आहे, सावकाश चालावे, महापालिकेकडे तक्रार केली आहे” असा तिचा निर्मळ संक्षेप केला आणि तक्रारीचा क्रमांक खाली लिहिला. वाचून आणखी सात जणांनी तोच क्रमांक देऊन पाठपुरावा केला. पदपथ दुरुस्त व्हायला तरीही पावसाळा संपावा लागला.

फळ्याचे दोषही सांगायला हवेत, कारण त्याच्यावर प्रेम करणारे ते सांगत नाहीत. खडू एकाच हातात आहे. नाना गेल्या श्रावणात तापाने पडले तेव्हा एक निधनवार्ता नऊ दिवस भिंतीवर होती आणि त्या घरच्यांना येता-जाता ती दिसत राहिली. रिक्षाचालकांनी आपल्या सभेची सूचना दिली तेव्हा “ही युनियनबाजी इथे नको” म्हणून ती आधी नाकारली गेली आणि वाचनालयात दोन दिवस वाद झाल्यावर लिहिली गेली. लिहिली, हे त्यांचे श्रेय. पण नियमात सभा बसत होती, मग वाद का व्हावा? शिवाय ते सगळ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, ज्याचा मला आनंद होतो आणि ज्यांचे सुधारले जाते त्यांना होत नाही. पावसात पन्हाळीखालूनही पाणी येते आणि ‘व्याख्यान’ या शब्दातले ‘व्या’ वाहून जाते.

ठाण्याला या गोष्टी नव्या नाहीत. १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ पत्र याच गावातून निघू लागले, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, आणि आचार्य अत्रे कट्ट्यासारखी उघड्यावर भरणारी व्यासपीठेही इथे रुजली. लोकांनी लोकांशी बोलायची सवय असलेल्या गावातले चॅनेल म्हणून माझी अपेक्षा जरा जास्त आहे, हे कबूल करते.

म्हणून गुण देताना माझा हात आखडतो. माहिती आणि थेट प्रक्षेपणासाठी चॅनेलला पाचपैकी चार. नागरिकाला आत येऊ देण्यासाठी पाचपैकी एक, आणि तो एकही त्या तीन महिन्यांच्या शनिवारांसाठी, पंखा बंद ठेवणाऱ्या त्या मुलासाठी. अर्धा तास परत आणावा, तो विकू नये, दर भिंतीवर लावावेत आणि कार्यालयात एक रजिस्टर ठेवावे, एवढे मी त्यांना लेखी दिले आहे. उत्तर आलेले नाही, परंतु पत्र स्वीकारल्याचा शिक्का मिळाला आहे.

नव्याने ही सेवा वापरणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पट्टीचा मजकूर दुपारी चारच्या आत द्यावा, नंतर दिला तर तो दुसऱ्या दिवशी जातो. मजकूर तोंडी सांगू नये, कागदावर ठळक अक्षरांत द्यावा, विशेषतः वेळ आकड्यांत आणि अक्षरांत दोन्हींत लिहावी. आमचा या वर्षीचा भोंडला चार वाजता होता आणि पट्टीवर पाच आले, त्यामुळे निम्म्या बायका आल्या तेव्हा खिरापत वाटून झाली होती. फळ्यावर चारच होते. आणि पैसे दिल्यावर पावती मागून घ्यावी, ती आपणहून दिली जात नाही.